कमरेचं दुसरं हत्यार

अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये बसून बंदुकीची काडतुसं भरतात, हे मी आमच्या बेळगावच्या पोरांना सांगितलं तेव्हा कुणाला ते खरं वाटेना. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. विकत मिळत नाहीत का? स्फोट होत नाही का? पोलीस धरत नाहीत का? आणि मोबाइलवर मॅग्नम रिव्हॉल्व्हरचे व्हिडिओ बघणाऱ्या पुतण्याचा प्रश्न वेगळाच होता: "काका, गोळी जितकी फास्ट तितकी पॉवर जास्त, मग सगळेच फुल स्पीडची का नाही भरत?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

मी नोकरीनिमित्त सहा वर्षं आयडाहो राज्यात, बोयसीला होतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या उद्योगामुळे तिथे आपल्याकडची मंडळी बरीच. शहर संपलं की डोंगर सुरू होतात आणि ऑक्टोबर लागला की ऑफिसात एल्कशिवाय दुसरा विषय नसतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो. एक मिळालं तर एका घराचा फ्रीजर वर्षभर पुरतो. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजे-महाराजे आणि भिंतीवरची मुंडकी येतात. तिथे तो नळ दुरुस्त करणाऱ्याचा, शाळेतल्या शिक्षकाचा, नर्सचा वार्षिक बाजारहाट असतो. १९७५ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकारीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं हा तिथे गुन्हा आहे.

मी स्वतः शिकार केली नाही. माझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या कायद्याने बंदूक काय, काडतूसही बाळगता येत नाही; शिकारीचा वैध परवाना काढलेला असेल तर अपवाद. मी तो काढला नाही. पण खानापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची, त्यामुळे या विषयाबद्दल कुतूहल लहानपणापासूनचं. शेजारी राहणारा गृहस्थ साठीचा, निवृत्त लाइनमन, जन्मभर शिकार केलेला. त्याच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी मी स्टूल टाकून बसलो. हात मागे, डोळे पुढे.

काडतूस म्हणजे चार गोष्टी. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार उडाला की टोपी, दारू आणि गोळी संपतात. पुंगळी शिल्लक राहते, आणि पितळ महाग असतं. तीच पुंगळी स्वच्छ करायची, दाबयंत्रात घालून मूळ मापाला आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू घालायची, गोळी बसवायची. एवढ्यावर तिथे लाखो लोकांचा छंद उभा आहे. पैसे वाचतात म्हणून सुरुवात होते. शेजारी हसून म्हणायचा की वाचत काही नाही, तेवढ्याच पैशांत जास्त बार उडवून होतात.

खरी गंमत मापात आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे एका ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग. दारू बनवणाऱ्या कंपन्या आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या जाडजूड पुस्तकं छापतात; कोणत्या गोळीमागे कोणती दारू, कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं. शेजारी सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करी आणि वर चढताना प्रत्येक पायरीवर गोळीचा वेग यंत्राने मोजी. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून दारू घातली की तो गोळ्या बसवण्याआधी विजेरी घेऊन एकेकीच्या आत बघे. एखादीत चुकून दोनदा दारू पडली असेल तर ती इथेच सापडली पाहिजे. ही तपासणी चालू असताना बोललेलं त्याला खपत नसे. बायको जेवायला हाक मारी तेव्हा हात वर करून थांबायला सांगे. आमची आजी पापडाचं पीठ भिजवताना पापडखाराच्या प्रमाणाबद्दल अशीच कडक असायची, तेव्हा मला हे फार परकं वाटलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. लांबून मारायला रायफल असताना कमरेला दुसरं हत्यार कशाला?

याचं उत्तर आपल्या देशातलं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब हत्तीवरच्या हौद्यात बसून वाघाच्या शिकारीला जात. जखमी किंवा चवताळलेला वाघ हत्तीच्या मस्तकावर झेप घेई आणि साहेबाच्या हातातली लांब बंदूक त्या जवळच्या अंतरात फिरवणंही मुश्कील होई. म्हणून आखूड नळीचं, बहुधा दुनळी, जाड्या तोंडाचं पिस्तूल जवळ ठेवायची पद्धत पडली. इंग्रजीत त्याचं नावच 'हौदा पिस्टल'. आपला हौदा हा शब्द त्या निमित्ताने जगभरच्या शस्त्रांच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. सुरुवातीची काही पिस्तुलं तर रायफलींच्या नळ्या कापून केलेली होती. काळ्या दारूचा जमाना, वेग वाढवायला फारशी जागा नाही; म्हणून मग गोळीच जड करायची, असा हिशेब. अंतर हातभर. ते झाडून एकदाच वाचायचं.

आपल्या संस्थानांतही हा शौक दांडगा होता. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात शिवपुरीच्या जंगलात व्हाइसरॉय आणि बड्या पाहुण्यांसाठी वाघाच्या शिकारी होत. त्याच शिवपुरीतलं माधव राष्ट्रीय उद्यान २०२५ साली व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालं; काळाचा न्याय म्हणा हवं तर.

दुसऱ्या हत्याराची सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र जिम कॉर्बेटची आहे, आणि तिच्यात पिस्तूल नाहीच. १९०७ साली कुमाऊंतल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे तो गेला तेव्हा त्याच्याजवळ रायफलीची काडतुसं होती फक्त तीन. दोन बार करायची संधी मिळेल, तिसरं अडीअडचणीला, असा त्याचा अंदाज. हाका झाला, वाघीण समोर आली, तिन्ही काडतुसं संपली आणि वाघीण जखमी होऊनही उभीच. कॉर्बेट धावत वर गेला, तहसीलदाराची बंदूक घेऊन परत आला आणि जवळ गेल्यावर पाहतो तो त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यात चक्क फट. तरी बार काढला. वाघिणीच्या तोंडावर धरलेली ती गोळी लागली तिच्या पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी तिथेच गेली, म्हणून कॉर्बेट वाचला. चारशेहून जास्त माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले आहेत. आपल्याकडच्या अनेक घरांत कॉर्बेटचं पुस्तक असतं. ही गोष्ट वाचताना लोक त्याच्या धैर्यावर थांबतात. माझ्या शेजाऱ्याला मी ती सांगितली तेव्हा तो थांबला त्या फटीवर. "उसनं घेतलेलं दुसरं हत्यार," एवढंच म्हणाला आणि मान हलवत राहिला.

आता वेगाकडे येऊ. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्येय याने धूर न करणारी दारू तयार केली आणि रायफलींचा वेग एकदम वाढला. पिस्तुलं मागेच राहिली. आखूड नळीत दारूला जळायला पुरता वेळ मिळत नाही, आणि हातात धरायच्या हत्याराची चौकट दाब सोसेल तेवढाच. हे कुंपण ओलांडायची खटपट ज्या माणसाने गाजवली तो आयडाहोचाच, एल्मर कीथ. गुराखी, शिकारी, वाटाड्या, लेखक, डोक्यावर भलीमोठी हॅट. बोयसीतल्या एका शिकार-साहित्याच्या मोठ्या दुकानात त्याच्या बंदुकांचं छोटं संग्रहालय आहे. मी ते दोनदा पाहिलं. १९२५ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, या कीथच्या हातात पॉइंट ४५ चं जुनं रिव्हॉल्व्हर फुटलं. रायफलीसाठीच्या जड गोळ्या त्याने त्यात भरल्या होत्या. चक्राच्या वरच्या घरांचे तुकडे उडाले, हात वाचला. त्यानंतर तो पॉइंट ४४ स्पेशलकडे वळला, कारण त्या रिव्हॉल्व्हरच्या चक्राच्या घरांभोवती पोलाद जास्त जाड राहतं. पुढची तीसेक वर्षं तो गॅरेजमध्ये वेग वाढवत आणि कंपन्यांच्या मागे लागत राहिला. १९३५ साली पॉइंट ३५७ मॅग्नम बाजारात आलं, आणि १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन यांनी मिळून पॉइंट ४४ मॅग्नम काढलं. सिनेमामुळे पुढे तेच जगप्रसिद्ध झालं.

यात एक बारकाई आहे, ती मुलांनी लक्षात घ्यावी. पॉइंट ४४ स्पेशलची पुंगळी मॅग्नमपेक्षा थोडीशीच आखूड. पण कारखान्यांच्या मानकानुसार स्पेशलला प्रत्येक चौरस इंचावर सुमारे १५,५०० पौंड दाब चालतो आणि मॅग्नमला ३६,०००. दुपटीहून जास्त. म्हणजे वाढीव वेग फुकट आला नाही. त्याच्यासाठी नवी पुंगळी, नवं पोलाद, नवी चौकट लागली. मॅग्नमची पुंगळी मुद्दाम लांब ठेवली ती एवढ्यासाठी, की ती जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये.

पुतण्याच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे. गोळीची ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. शाळेच्या पुस्तकात आहे. मॅग्नमची साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४१० मीटर वेगाने निघते, ऊर्जा १,३०० जूलच्या आसपास. तुलनेसाठी, ताशी १४४ किलोमीटरने टाकलेला क्रिकेटचा चेंडू साधारण १३० जूल. दहापट झाली की! पण एल्क मारायला तिथे नेहमीची जी पॉइंट ३०-०६ रायफल वापरतात तिची गोळी याहून हलकी असूनही ऊर्जा चार हजार जूलजवळ जाते. म्हणजे कीथची तीस वर्षांची खटपट आणि आजचं सगळ्यात नावाजलेलं मॅग्नम मिळून साध्या रायफलीच्या एक तृतीयांशावर येऊन थांबतं. गॅरेजमध्ये आणखी पाच-दहा टक्के वेग पिळून काढला तरी हे चित्र बदलत नाही. कमरेचं हत्यार हे शेवटी कमरेचंच हत्यार.

शिवाय वेगाची एक उलटी बाजूही आहे. मऊ, टोकाशी पोकळ गोळी जोरात आदळली की फुलते आणि लवकर थांबते. शहरात माणसापासून बचाव करायचा तर ते बरं, गोळी आरपार जाऊन मागच्याला लागत नाही. अस्वलाच्या खांद्यावरची चरबी, जाड स्नायू आणि हाड यांच्यापुढे तीच गोळी वरवर फुलून राहील. म्हणून कीथ कठीण शिशाची, चपट्या टोकाची, जड गोळी मारायच्या मताचा होता. त्याने आखलेला गोळीचा आकार आजही ओतला जातो. व्हिडिओतल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, कारण फुटणारं कलिंगड बघायला छान दिसतं.

शेजाऱ्याचा मुलगा तिशीतला. ज्या वर्षी मी परत यायच्या तयारीत होतो, त्या वर्षी त्याला पूर्व आयडाहोत, यलोस्टोनला लागून असलेल्या पट्ट्यात एल्कची चिठ्ठी लागली. तिथे ग्रिझली अस्वलं आहेत. बोयसीजवळच्या डोंगरांत काळी अस्वलं असतात, ती बहुधा माणसाला बघून पळतात. ग्रिझलीचं तसं सांगता येत नाही. आणि धोका शिकार करताना नसतो, नंतर असतो. तीनशे किलोचं जनावर पडल्यावर ते सोलून, तुकडे करून, पाठीवरून गाडीपर्यंत न्यायला तासन् तास जातात. रक्ताचा वास वाऱ्यावर. गुडघ्यावर बसलेला माणूस, हातात सुरी, नजर खाली, रायफल झाडाला टेकवलेली. अस्वल येतं ते अशा वेळी.

मुलाचं म्हणणं, या वेळी काडतुसं पुस्तकातल्या वरच्या टोकाची भरू. बापाचं म्हणणं, नाही. आठवडाभर घरात हा वाद चालला. सून मला म्हणाली, या दोघांना अस्वलाने खाल्लं नाही तर मीच खाईन. वाद दिसायला काडतुसाचा होता, पण बापाच्या मनात दुसरंच होतं. गेल्या दोन वर्षांपासून त्याच्या मनगटांना संधिवात धरला होता, तो बरोबर जाणार नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मुलगा एका मित्राबरोबर जाणार होता. मुलाच्या मनात असं, की म्हातारा स्वतःला झेपत नाही म्हणून मलाही कमी जोराचं देतोय. हे दोघेही बोलून दाखवत नव्हते. आपल्याकडेही बाप-लेक असेच भांडतात, विषय ट्रॅक्टरचा असतो.

शेवटी एका शनिवारी ते गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर गेले. मी प्रेक्षक. बापाने सात पावलांवर कागदाची जेवणाची ताटली टांगली. आवाज ऐकून वेळ नोंदवणारं छोटं यंत्र लावलं. अट अशी: इशारा झाला की म्यानातून रिव्हॉल्व्हर काढायचं आणि ताटलीत दोन गोळ्या घालायच्या. सात पावलं का, तर ग्रिझली ताशी पन्नास किलोमीटरच्या वर धावतं. सेकंदाला चौदा मीटर झाले. झुडपातून निघालेलं अस्वल दिसतं तेव्हा हातात उरतात ते दोन-तीन सेकंद.

मुलाने आधी वरच्या टोकाची काडतुसं घातली. सव्वा किलोच्या आसपासचं रिव्हॉल्व्हर. बार झाला की नळी आभाळाकडे. पहिली गोळी ताटलीत लागली. नळी खाली येऊन दुसरी सुटेपर्यंत जो वेळ गेला तो मलाही नुसत्या कानांनी कळला, आणि ती दुसरी ताटलीच्या वरून गेली. पाच वेळा केलं. दुसरी गोळी पाचांत एकदा बसली. मग बापाने मधल्या जोराची काडतुसं दिली, तीच जड कठीण गोळी, वेग कमी. पाचांत चार वेळा दोन्ही गोळ्या आत, आणि मधला वेळ जवळपास निम्मा. बाप काही बोलला नाही. यंत्रावरचे आकडे वहीत लिहिले, वही मुलाकडे दिली. मुलाने ती बघितली आणि म्हणाला, "मधलीच भर. पण टोप्या मी बसवणार." परतताना गाडीत दोघं बेसबॉलबद्दल बोलत होते.

त्या रात्री गॅरेजमध्ये बापाने मुलाला आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला वेगापेक्षा महत्त्वाची वाटते. २०१८ साली शेजारच्या वायोमिंग राज्यात एक अनुभवी वाटाड्या आणि त्याचा पाहुणा आदल्या दिवशी मारलेलं एल्क सोलत असताना ग्रिझलीने हल्ला केला. पिस्तूल होतं, चांगल्या जोराचं होतं, पण काम करताना अडचण नको म्हणून काही अंतरावर सामानापाशी काढून ठेवलेलं. पाहुण्याला ते चालवता आलं नाही. त्याने ते वाटाड्याकडे फेकलं, पोचलं नाही. वाटाड्या वाचला नाही. शेजाऱ्याने यातून घरासाठी नियम केला होता: सोलताना रिव्हॉल्व्हर छातीवरच्या म्यानात, सामानात कधीच नाही, आणि बरोबर जो कुणी असेल त्याला ते आधी मैदानावर चालवायला लावायचं. मुलाच्या मित्रालाही पुढच्या शनिवारी बोलावलं.

अस्वलांसाठी मिरचीचा फवाराही मिळतो, डब्यात, पट्ट्याला अडकवायचा. आपल्याला हसू येतं, पण हे काम खरोखरीचं आहे. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या अभ्यासकांनी अलास्कातल्या घटना गोळा करून २००८ साली लिहिलं, की तपकिरी अस्वलांच्या ९२ टक्के प्रसंगांत फवाऱ्याने अस्वलाचं वागणं थांबलं. २०१२ साली त्यांनीच बंदुका वापरल्याच्या २६९ घटना तपासल्या. पिस्तुलं ८४ टक्के प्रसंगांत कामी आली, लांब बंदुका ७६ टक्के. लांब बंदूक ताकदीने कितीतरी मोठी, तरी आकडा कमी. ती खांद्यावरून उतरवायची, कुलूप काढायचं, अस्वल तोवर अंगावर. दोन अभ्यासांच्या पद्धती एकसारख्या नाहीत, म्हणून आकड्यांची थेट कुस्ती लावू नये. पण हाताशी असणं किती मोठं, हे त्यातून दिसतं. मुलगा पट्ट्याला फवाराही अडकवून गेला.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर मी वेगाच्या विरुद्ध आहे असं वाटेल. ग्रीनलँडच्या उत्तर-पूर्व किनाऱ्यावर डेन्मार्कचं सिरियस हे कुत्र्यांच्या गाड्यांचं गस्तीपथक फिरतं. माणसं दोनच, आणि मैलोगणती बर्फ. पांढऱ्या अस्वलापासून बचावासाठी त्यांच्याकडे आधी नऊ मिलिमीटरची पिस्तुलं होती. ती कमी पडतात म्हणून त्यांनी दहा मिलिमीटरची, जास्त जोराची घेतली. दहा मिलिमीटरचं हे काडतूस १९८३ सालचं. ते कारखान्यात तयार झालेलं, त्याच दाबासाठी बांधलेल्या पिस्तुलातून झाडलेलं, आणि सरावलेल्या सैनिकाच्या हातात. जोर हवाच असतो. किती झेपतो आणि कशातून काढायचा, हा प्रश्न असतो.

चाळीस वर्षांत शेजाऱ्याने कमरेचं रिव्हॉल्व्हर किती वेळा वापरलं? मी विचारलं होतं. अस्वलावर एकदाही नाही. तीन वेळा जखमी होऊन पडलेल्या, पण जीव न गेलेल्या एल्कला जवळून सोडवण्यासाठी. एकदा तर त्यासाठी तो संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे चालला होता. आपण घायाळ केलेलं जनावर तसंच टाकून घरी यायचं नाही, हा त्याचा नियम. गंमत म्हणजे माझे आजोबा, ज्यांना आयडाहो कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, अगदी हेच म्हणत.

आता आपल्याकडचं. इथे यातलं काहीही करायचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. बंदुकीचा परवाना असला म्हणून काडतूस भरायचा अधिकार मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि ती संपली हे चांगलंच झालं. त्याच वर्षीच्या गणतीत देशात वाघ उरले होते १,८२७.

राहिल्या त्या पीक राखायच्या बंदुका. खानापूरकडे भात पिकायला आलं की रानडुकरं रात्रीत वाफा लोळवतात, गवे येतात, आता हत्तीही येतात. त्यासाठी जुन्या घरांत ठासणीच्या नाहीतर बारा बोअरच्या बंदुका परवान्यावर आहेत. परवाना पीक राखायचा असला तरी जनावर मारायचा नसतो, त्याला वन खात्याची वेगळी परवानगी लागते; बहुतेक वेळा आवाजापुरताच बार. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि निवडणूक नेमकी पिकाच्या दिवसांत आली की रात्रभर पत्र्याचे डबे बडवायचे.

आजोबांच्या मागे आमच्या थोरल्या काकांच्या नावावर असलेली बंदूक काका गेल्यावर रीतसर जमा केली आहे. वारस म्हणून ती नावावर करून घ्यायची की सोडून द्यायची, हे चुलतभावाने ठरवायचं आहे. तो शेतात राहतो, मी नाही, तेव्हा माझ्या मताला तसा अर्थ नाही. नवा परवाना मिळायला हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, हे त्याला मी सांगितलं. वहिनींचं म्हणणं, बंदूक नको, सौरकुंपण घाला. चुलतभावाने कुंपणाचा दर काढला आहे आणि परवान्याचा अर्जही आणून ठेवला आहे. दोन्ही कागद देवघराच्या फळीवर आहेत. भात कापणीला आलंय, सध्या तो आणि त्याचा मुलगा आळीपाळीने माळ्यावर झोपतात. विजेरी, डबा आणि कुत्रा एवढ्यावर.